फाइल गेली कुठे? बारावीपर्यंत कुणीच न शिकवलेला कॉम्प्युटर

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरीपासूनच मुलांना कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, आणि संगणकीय विचार यांची ओळख करून दिली जाईल. ही बातमी वाचून पहिला प्रश्न मनात येतो तो असा, की आमच्या दोन शिक्षकी शाळेत हे शिकवणार कोण? प्रश्न रास्तच आहे, पण मला त्याच्याही आधीचा एक प्रश्न जास्त छळतो.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं कोकण विभागीय मंडळ दहावी-बारावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. २०२५ मध्ये दहावीचा निकाल ९८.८२ टक्के लागला आणि बारावीचा ९६.७४ टक्के. हीच मुलं पावसाळ्यात डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला येतात आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला अडकतात. अडकतात ती गणितात किंवा प्रोग्रॅमच्या तर्कातही नाही. “प्रोग्रॅम सेव्ह करा आणि चालवा,” एवढं सांगितलं की अर्ध्या बॅचला आपली फाइल नेमकी कुठे गेली हे सापडत नाही. पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स घेणाऱ्या कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल.

असं का होतं, आणि यात चूक कुणाची, ते जरा सावकाश पाहू.

मधला थर

कॉम्प्युटरच्या शिक्षणाचे ढोबळमानाने तीन थर करता येतील. सगळ्यात खालचा थर वापराचा. अर्ज टाइप करणं, स्लाइड बनवणं, ऑनलाइन फॉर्म भरणं हे सगळं त्यात येतं. महाराष्ट्रात हा थर २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटीने गावोगाव पोचवला. तालुक्याच्या प्रत्येक बाजारपेठेत तिचा एक तरी बोर्ड दिसतो, दहावीच्या सुट्टीत मुलं तिथे जातात, सरकारी नोकरीच्या जाहिरातीतही तिचं नाव असतं. तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही, तिने तिचं काम केलं.

सगळ्यात वरचा थर प्रोग्रॅमिंगचा, म्हणजे कॉम्प्युटरला त्याच्या भाषेत सूचना लिहून देण्याचा. आजकाल सगळ्या जाहिराती याच थराच्या असतात.

या दोहोंच्या मध्ये एक थर आहे. फाइल कुठे असते, तिचा प्रकार कशावरून ठरतो, प्रोग्रॅम इन्स्टॉल होतो म्हणजे काय होतं, एरर काय सांगत असते, एक कॉम्प्युटर दुसऱ्याशी कसा बोलतो. हा थर कुठल्याही जाहिरातीत नसतो आणि परीक्षेत तर जवळजवळ नसतोच. आणि तो नसेल तर वरचा थर उभाच राहत नाही.

पाथ म्हणजे पत्ता

या थरातली सगळ्यात मूळ गोष्ट आहे पाथ. फाइल कॉम्प्युटरमध्ये नेमकी कुठे ठेवली आहे ते सांगणारा पूर्ण पत्ता म्हणजे पाथ. कोकणातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. जिल्हा सिंधुदुर्ग, तालुका मालवण, गाव अमुक, वरचीवाडी, तमक्याचं घर. मोठ्याच्या पोटात लहान, त्याच्या पोटात आणखी लहान. कॉम्प्युटरमध्ये जिल्ह्याच्या जागी ड्राइव्ह असतो, तालुका-गाव-वाडीच्या जागी एकात एक फोल्डर, आणि शेवटी घराच्या जागी फाइल. देऊळवाडी जशी पंचक्रोशीत चार गावांना असू शकते, तशी एकाच नावाची फाइलही चार वेगवेगळ्या फोल्डरांत असू शकते. तुम्ही एक दुरुस्त करता, कॉम्प्युटर दुसरीच चालवतो, आणि “मी बदललं तरी उत्तर तेच का येतंय?” म्हणून तासभर डोकं धरून बसता.

आता गावातच उभं राहून कुणी विचारलं, तर आपण जिल्ह्यापासून सुरुवात करत नाही. “वरच्या वाडीत, विहिरीपलीकडचं घर” एवढं पुरतं. पण हा पत्ता तुम्ही कुठे उभे आहात त्यावर अवलंबून असतो. शेजारच्या गावात उभं राहून तेच वाक्य म्हटलंत तर भलत्याच दारात जाल. कॉम्प्युटरमध्येही असे दोन प्रकारचे पत्ते चालतात, एक पूर्ण आणि एक ‘इथून पुढे’ असा. प्रोग्रॅम चालवताना आपण या क्षणी कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत हेच मुलांना ठाऊक नसतं, आणि निम्म्या एरर तिथून येतात.

मग मोबाइलवर हे का अडत नाही? कारण मोबाइल हा गावातल्या जुन्या पोस्टमनसारखा वागतो. पाकिटावर नुसतं नाव असलं तरी तो बरोबर दारात आणून देतो, वाडी विचारत नाही. फोटो पाहिजे तर गॅलरीत, पीडीएफ पाहिजे तर व्हॉट्सॲपच्या त्या चॅटमध्ये वर सरकत जा. फाइल खरी कुठे आहे हे फोन सांगत नाही, आपल्याला विचारावंही लागत नाही. नुसतं नाव लिहिलेलं तेच पाकीट दादरच्या पोस्टात टाकलं तर ते पोचणार नाही. प्रोग्रॅमिंगची साधनं दादरच्या पोस्टासारखी आहेत: पत्ता लिहिला असेल तसाच वाचतात, एका अक्षराचीही सूट नाही.

नेमकं अडतं कुठे

लॅबमध्ये दिसतं ते असं. मुलगी नोटपॅडमध्ये पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिते आणि ‘हॅलो.पीवाय’ या नावाने सेव्ह करते. विंडोज ओळखीच्या फाइल-प्रकारांची शेपटी, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबापुढची अक्षरं, मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळे स्क्रीनवर तिला हवं तेच नाव दिसतं. प्रत्यक्षात फाइल झालेली असते ‘हॅलो.पीवाय.टीएक्सटी’. प्रोग्रॅम चालत नाही. नाव तर बरोबर दिसतंय! हा पेच सुटायला, ती शेपटी लपवलेली असते हे आधी कुणीतरी सांगितलेलं असावं लागतं.

दुसरं उदाहरण. झिप फाइल, म्हणजे अनेक फाइल्स बांधलेलं गाठोडं, आली की विंडोज ते न सोडताच आतलं सगळं दाखवतं. मूल आतल्या आतच प्रोग्रॅमवर क्लिक करतं, आणि त्याला लागणाऱ्या बाकीच्या फाइल्स सापडत नाहीत. तिसरं: डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल खरं तर वनड्राइव्ह नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसलेली असते, कारण लॅपटॉप सुरू करताना कुठेतरी ‘होय’ दाबलेलं असतं. चौथं तर रोजचं. पायथन इन्स्टॉल केलं, पण ‘पाथमध्ये जोडा’ अशा अर्थाची खूण करायची राहिली. (इथे पाथ म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅम ज्या फोल्डरांत शोधतो त्यांची यादी.) आता टर्मिनलमध्ये, म्हणजे माउसऐवजी टाइप करून हुकूम देण्याच्या त्या काळ्या खिडकीत, पायथन म्हटलं की पायथनऐवजी मायक्रोसॉफ्टचं दुकान उघडतं.

या चारही गोष्टी कळत्या माणसाने शेजारी बसून दाखवल्या तर प्रत्येकी पाच-दहा मिनिटांच्या आहेत. पण साठ मुलांच्या वर्गात शिक्षक किती जणांच्या शेजारी बसणार?

एररचं तर विचारूच नका. पायथन स्वच्छ सांगतं की अमुक पत्त्यावर अशी फाइल नाही, आणि तो पत्ता पूर्ण लिहूनही दाखवतं. मुलं ते वाचत नाहीत. मोबाइल काढून स्क्रीनचा तिरका फोटो घेतात आणि ग्रुपवर टाकतात. इंग्रजीची भीती हे एक कारण आहे, पण एकमेव नाही. इंग्रजी माध्यमातली मुलंही हेच करतात. एरर म्हणजे ओरडा, अशी त्यांची समजूत झालेली असते. ती माहिती असते हे कुणी शिकवलेलंच नसतं.

यातलं खरं नुकसान वेळेचं नाही. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमधला दीड तास फाइल शोधण्यात गेला की मूल मनाशी ठरवून टाकतं, “मला कोडिंग जमत नाही.” कोडिंगपर्यंत ते पोचलेलंच नसतं. शेजारी ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो भराभर पुढे जातो आणि हुशार ठरतो.

पूर्वीच्या मुलांना हे कसं येत होतं?

ती अधिक हुशार होती म्हणून नव्हे. त्या काळची यंत्रंच अडाणी होती. भारतात शाळांमध्ये कॉम्प्युटर आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९८४ मध्ये ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पाने झाला. सुरुवातीला अडीचशेच्या आसपास शाळा होत्या आणि यंत्रं होती ब्रिटनची बीबीसी मायक्रो. ते यंत्र चालू केलं की समोर ना चित्रं, ना बटणं. नुसती लुकलुकणारी खूण, तुम्ही काहीतरी टाइप करण्याची वाट पाहणारी. खेळ खेळायचा तरी हुकूम टाइप करावा लागे. पुढे डॉस ही हुकूम टाइप करून चालवायची प्रणाली आली, नंतर विंडोजचे सुरुवातीचे अवतार, आणि प्रत्येकात फाइल स्वतः हलवावी, कॉपी करावी, हरवावी लागे. मधला थर कुणी शिकवत नव्हतं, पण तो ओलांडल्याशिवाय पुढेही जाता येत नव्हतं.

मग यंत्रं सोयीची होत गेली आणि हा थर झाकला गेला. याची जाणीव परदेशातही झाली. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांना यंत्राची ओळख कमी-कमी होत चालली आहे, हे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं. त्यातून २०१२ मध्ये क्रेडिट कार्डाएवढा, सुमारे ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय हा कॉम्प्युटर बाजारात आला. त्याच वर्षी तिथल्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने शाळांतल्या कॉम्प्युटर शिक्षणाची कडक झडती घेतली: कार्यालयीन सॉफ्टवेअर वापरायला शिकवता, संगणकशास्त्र कुठे आहे? सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडने विषयच बदलला. मात्र २०१७ मध्ये त्याच संस्थेने पुन्हा पाहिलं, तेव्हा चित्र विस्कळीत आणि कच्चं निघालं, कारण पुरेसे शिक्षक तयारच झाले नव्हते. तिसरीपासून एआय म्हणताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

आपल्या अभ्यासक्रमात काहीच नाही का?

आहे ना. बारावी विज्ञानाला ‘कॉम्प्युटर सायन्स’ हा दोनशे गुणांचा बायफोकल, म्हणजे व्यवसायाभिमुख, विषय आहे. त्यात वर्षानुवर्षं सी प्लस प्लस ही भाषा, डेटा स्ट्रक्चर (माहिती रचून ठेवण्याच्या पद्धती) आणि ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू असलेली चिप, शिकवला गेला. ८०८५ इंटेलने १९७६ मध्ये आणला. जुना आहे म्हणून टाकाऊ असं मी म्हणणार नाही, यंत्र आतून समजायला तो चांगलाच आहे. पण तो कागदावर शिकला जातो. अनेक कॉलेजांत प्रॅक्टिकल अजून टर्बो सी प्लस प्लसच्या त्या निळ्या स्क्रीनवर होतात. हे सॉफ्टवेअर नव्वदच्या दशकातलं. सी प्लस प्लसचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं १९९८ मध्ये, त्याच्याही आधीचं. तिथे पाठ केलेला प्रोग्रॅम आजच्या कंपायलरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, घातला तर पहिल्याच ओळीला अडतो. जर्नल पूर्ण असते, ओरलची उत्तरं पाठ असतात, एक्स्टर्नल खूश असतात. (बायफोकल घेण्यामागचं खरं कारण बहुतेक घरांत ‘मार्क चांगले पडतात’ हेच असतं, हे आपण सगळेच जाणतो.)

कला, वाणिज्य आणि विज्ञान तिन्ही शाखांना घेता येणारा ‘माहिती तंत्रज्ञान’ हा विषय त्यामानाने ताजा आहे, त्यात वेब पानं बनवायला शिकवतात. सीबीएसईने तर काही वर्षांपूर्वीच सी प्लस प्लस सोडून पायथन धरलं. पण भाषा बदलली म्हणून मधला थर भरत नाही. पायथनच्या मुलालाही फाइल सापडावी लागतेच.

“आमची मुलं मोबाइलवर तरबेज आहेत”

आहेतच. २०२३ च्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो त्यांना वापरता येत होता. कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप मात्र जेमतेम नऊ टक्क्यांच्या घरी होता. म्हणजे ही मुलं कॉम्प्युटरला पहिल्यांदा मनापासून भिडतात ती थेट कॉलेजच्या लॅबमध्ये, मागे शिक्षक उभे असताना.

“एआय कोड लिहून देतं, मग हे कशाला?”

एआयला प्रोग्रॅम मागा, तो देईल. त्याखाली लिहिलेलं असेल: ही फाइल अमुक फोल्डरमध्ये ठेवा, टर्मिनल उघडा, त्या फोल्डरमध्ये जा आणि हा हुकूम चालवा. आमचं मूल नेमकं तिथेच अडलेलं आहे. शिवाय एआयने दिलेलं उत्तर चुकलं तर ते ताडून पाहायला एरर वाचता यावी लागते. मधला थर पक्का असलेल्या मुलाच्या हातात एआय म्हणजे मोठीच मदत. कच्चा असलेल्याच्या हातात तोच एकातून दुसऱ्या गोंधळात नेतो.

“सगळ्यांना कुठे इंजिनिअर व्हायचंय?”

नकोच. पण आंबा निर्यातीसाठी बागेची नोंदणी आज ऑनलाइन होते, सातबारा ऑनलाइन निघतो, होमस्टेचं बुकिंग आणि जीएसटीचे कागद कॉम्प्युटरवरच असतात. दोनशे पीडीएफमधून मागच्या वर्षीचं बिल शोधणं हे मधल्या थराचंच काम आहे.

वीज, पाऊस आणि कुलूप

कोकणात ही अडचण खरी आहे आणि ती शहरात बसून कळत नाही. जूनच्या पहिल्या वाऱ्याला वीज जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. एरवीही खारी हवा आणि चार महिन्यांची ओल यंत्रांना खाते. मे महिन्यात बंद केलेली लॅब ऑगस्टमध्ये उघडली की कीबोर्डवर बुरशी, रॅमच्या (मेमरीच्या पट्टीच्या) टोकांना गंज, आणि सीपीयूत पालीची अंडी. म्हणून तर शाळा कुलूप लावतात. ‘पोरं बिघडवतील’ ही भीती आणि ‘हिशेब मला द्यावा लागेल’ ही मुख्याध्यापकांची काळजी दोन्ही खऱ्या आहेत. गंमत अशी की पावसाळ्यात रोज तासभर चालवलेलं यंत्र बंद ठेवलेल्यापेक्षा जास्त टिकतं, कारण चालताना ते गरम होतं आणि आतली ओल जाते.

देशाचं चित्रही फार वेगळं नाही. यू-डायस प्लस या सरकारच्याच शाळांविषयीच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये चालू स्थितीतले कॉम्प्युटर सुमारे ५७ टक्के शाळांत होते, इंटरनेट ५४ टक्क्यांच्या आसपास.

पण इथे एक दिलासा आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. मधल्या थराला इंटरनेट जवळजवळ लागतच नाही. फोल्डर बनवायला, फाइल हलवायला, शेपटी दाखवायला, टर्मिनलमध्ये चार हुकूम द्यायला, एरर मुद्दाम काढून ती वाचायला रेंज कशाला हवी? रेंजसाठी सड्यावर चढायची गरज नाही. दहा वर्षं जुनं यंत्रही पुरतं. थ्रीडी प्रिंटरसारखी साधनं असलेल्या अटल टिंकरिंग लॅबसाठी केंद्र सरकार शाळेला वीस लाखांपर्यंत देत आलं आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात अशा आणखी पन्नास हजार लॅब जाहीर झाल्या. चांगलंच आहे. पण थ्रीडी प्रिंटरला लागणारी फाइल कुठे सेव्ह केली ते माहीत नसेल तर प्रिंटरवर आच्छादनच राहणार.

शिक्षक कुठून आणायचे?

हा सगळ्यात जड प्रश्न आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्या गुरुजींना कॉम्प्युटर उत्तम येतो, ते सरल, यू-डायस आणि शालार्थ या पोर्टलांवर माहिती भरत बसलेले असतात. शाळेतला चालू कॉम्प्युटरही त्याच कामाला जुंपलेला असतो. मागे शाळांत आयसीटी, म्हणजे कॉम्प्युटरच्या, लॅब आल्या तेव्हा शिक्षक कंत्राटी होते. कंत्राट संपलं, शिक्षक गेले, यंत्रं उरली.

केरळने वेगळं केलं. २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू करून त्यांनी आहेत त्याच शिक्षकांना तयार केलं, शाळांसाठी लिनक्सवर आधारित स्वतःची मोफत प्रणाली बनवली, आणि २०१८ पासून ‘लिटिल काइट्स’ हे मुलांचे क्लब उभे केले. तिथे मुलंच लॅबची देखभाल करतात आणि बाकीच्या मुलांना शिकवतात. लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी चालणारी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम, अर्थात यंत्राचा सगळा कारभार पाहणारं मूळ सॉफ्टवेअर. आपल्याकडेही साधनं आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि प्रोग्रॅमिंगवरचे छोटे व्हिडिओ मराठीतही मिळतात. ते एकदा उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवले की वाडीवस्तीवरच्या शाळेतही चालतात.

माझा अंदाज असा की आठवी-नववीच्या मुलाला आठवड्याला दोन तास दिले तर एका सत्रात हा थर पुरा होतो. परीक्षा मात्र लेखी नको. मुलाला यंत्रासमोर बसवायचं, त्याची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये लपवायची आणि म्हणायचं, शोध. परिसरात डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगचं कॉलेज असेल तर तिथली दुसऱ्या वर्षाची मुलं हे मजेत घेतील. त्यांना हे नुकतंच, ठेच लागून कळलेलं असतं.

घरी काय करता येईल

गणपतीत मुंबईचे चाकरमानी येतात. कुणाच्या ना कुणाच्या घरी विंडोज संथ चालतं म्हणून कपाटात टाकलेला लॅपटॉप असतो. तो मागून घ्या. चार जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती त्यावर नीट चालते. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, बसवली तर यंत्र नव्यासारखं पळतं, तालुक्याच्या रिपेअरवाल्याकडे अर्ध्या तासाचं काम. इन्स्टॉल मुलालाच करू द्या. एखाद्या वेळी सगळं पुसलं जाईल, जाऊ द्या, त्यात त्याचं असं काहीच नाही. मग त्याला एक काम द्या: घरातल्या फोनमधले सगळे फोटो लॅपटॉपवर घे, वर्षाप्रमाणे फोल्डर कर, आणि आजीचे फोटो वेगळे काढून पेन ड्राइव्हवर दे. यात पाथ येतो, कॉपी आणि हलवणं यातला फरक येतो, एकाच नावाच्या दोन फाइल्सचा घोळही येतो. लॅपटॉप मागताना चार्जर विसरू नका. इतक्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा गेलेली असते.